माळव्याची वीज: पवनचक्कीशिवाय कुठून, कोणत्या महिन्यात, किती वाजता

माळव्यात विजेची सर्वांत जास्त ओढ मे महिन्यात नसते, ती असते डिसेंबर-जानेवारीत. इंदूरच्या घरांतले कूलर तेव्हा गच्चीवर झाकून ठेवलेले असतात, पण देवास, उज्जैन, धार, शाजापूरकडे गव्हाला पाणी द्यायचं असतं आणि विहिरी-बोअरवरच्या मोटारी एकाच वेळी ओढू लागतात. मध्य प्रदेशची मागणी डिसेंबर 2024 मध्ये 18 हजार मेगावॉटच्या वर गेली, तीही याच रब्बीच्या दिवसांत. म्हणून या भागासाठी कुठलाही वीजस्रोत तपासताना वर्षाला किती युनिट मिळतील एवढंच विचारून भागत नाही. ती युनिटं कोणत्या महिन्यात आणि किती वाजता मिळतील, हे आधी विचारावं लागतं.

पवनचक्की इथंच अडते. देवासजवळ जामगोदरानीच्या टेकड्यांवर ती उभी आहे, आणि माळव्याच्या पठारावर वारा आहे यात शंका नाही. पण तो मुख्यतः जून ते सप्टेंबर वाहतो. पात्यांना मिळणारी शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते: सेकंदाला 8 मीटर वेगाने वाहणारा वारा 4 मीटरवर आला, की शक्ती निम्मी राहत नाही, आठवा हिस्सा उरते. आणि 3 मीटरच्या आसपास चक्की फिरली तरी वीज नावापुरतीच देते. म्हणजे सोयाबीन पावसावर वाढत असतं, मोटारी बंद असतात, तेव्हा चक्की भरभरून देते, आणि गव्हाच्या पाण्याच्या वेळी तिचा हात आखडतो. पावसाळ्यात ढगांमुळे सौर उत्पादन पडतं तेव्हा तिची मदत होते, तेवढं श्रेय तिला द्यायलाच हवं. रब्बीचा भार मात्र तिच्यावर टाकता येत नाही. मग कशावर टाकायचा?

शेताचा भार दिवसाकडे ओढणं

आमच्या मते सगळ्या उपायांत पहिला मान याला द्यावा. माळव्यात डिसेंबर-जानेवारीचं आकाश बहुतेक दिवस निरभ्र असतं. दिवस लहान, पावणेअकरा तासांचा, पण हवा थंड असल्यामुळे सौर पॅनेल आपल्या ताकदीला जागतं. नीट कलवलेल्या 1 किलोवॉट पॅनेलला डिसेंबरात रोज साधारण 4 युनिटं मिळतात, मार्चमध्ये पावणेपाचपर्यंत, आणि जुलै-ऑगस्टमध्ये अडीच-तीन. गव्हाला पाणी लागतं तेव्हाच सूर्यही हजर असतो.

राज्यात शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून फक्त मोटारींसाठी निघणाऱ्या तारेला, चोवीस तासांत दहा तास वीज मिळते, तीही पाळ्यांत, आणि त्यातली एक पाळी बहुधा रात्री येते. जानेवारीच्या रात्री दोन वाजता, काळ्या चिखलात, विंचू-सापाच्या भीतीने बारे मोडणं हे काम काय असतं ते माळव्यातल्या कुठल्याही गावात विचारा. ही रात्रीची पाळी सूर्यावर आणता येते, आणि त्याचे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता, शेतावरचा सौर पंप. 5 अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे 4800 वॉट पॅनेल लागतात. जिथे खांब आणि तार पोचलेली नाही, तिथे हाच सरळ उपाय. अडचण अशी की पाण्याचे दिवस वर्षातून दीडशेच्या आसपास, उरलेले दोनशे दिवस पॅनेल रिकामी ऊन खातं. यासाठी सार्वत्रिक कंट्रोलर घ्यावा, म्हणजे त्याच पॅनेलवर कडबा कुट्टी, पिठाची चक्की, डाळ भरडायचं यंत्र चालतं. दुसरी अडचण जमिनीखालची आहे. ऊन फुकट म्हणून पंप दिवसभर सुरू राहतो आणि बोअरचं पाणी खाली जातं. पाणी वाचवायला तिथे कुणाला काही कारण उरत नाही.

दुसरा रस्ता, पूर्ण फीडरच सौर करणं. 33/11 केव्ही उपकेंद्राच्या जवळ, पाच किलोमीटरच्या आत, 1 ते 2 मेगावॉटचा छोटा सौर प्रकल्प उभा करायचा आणि तो त्या उपकेंद्रातून निघणाऱ्या शेतीच्या 11 केव्ही फीडरला जोडायचा. पीएम-कुसुम योजनेत यासाठी तरतूद आहे. हिशेब असा: 5 अश्वशक्तीची मोटार शाफ्टवर 3.7 किलोवॉट देते, तारेतून ओढते साधारण साडेचार. फीडरवर 400 मोटारी असतील आणि दोन गटांत पाळीने चालवल्या, तर एका वेळचा भार 900 किलोवॉट. 1 मेगावॉटला चार-पाच एकर जमीन लागते, वर्षाला 16 ते 17 लाख युनिटं मिळतात, आणि मोटारी बंद असतात त्या दिवशीची वीज वाया न जाता ग्रीडमध्ये जाते. तार आधीच असलेल्या गावात आम्ही सौर पंपापेक्षा हाच रस्ता निवडू.

इथे घात होतो तो दोन ठिकाणी. एक, 11 केव्हीची तार दुपारी ट्रिप झाली की प्रकल्पही तत्क्षणी थांबतो, कारण ग्रीडचा व्होल्टेज नसताना इन्व्हर्टरने वीज सोडायची नसते. बाभळीची फांदी तारेला लागली म्हणून दोन तास फीडर बंद, तर त्या दोन तासांची भर दुपारची युनिटं कायमची गेली. फांद्या छाटणं आणि तडकलेले इन्सुलेटर बदलणं हे काम पावसाळा संपल्यावर लगेच, ऑक्टोबरात उरकावं.

दोन, माळव्याची काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. पॅनेलच्या खांबांचा पाया नुसता काळ्या मातीत घातला, तर दोन-तीन वर्षांत खांब वर ढकलले जातात, रांग वाकडी होते आणि काचा तडकतात. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा, आणि खोली ठरवण्याआधी जागेच्या चार कोपऱ्यांत खणून बघावं. एकाच शेतात मुरूम एका टोकाला चार फुटांवर आणि दुसऱ्या टोकाला नऊ फुटांवर लागू शकतो.

मोटारीचंही एक सांगायला हवं. कमी व्होल्टेजवर मोटार तेवढंच काम करायला जास्त अँपिअर ओढते, तापते आणि जळते. 5 अश्वशक्तीच्या मोटारीला सुमारे 2 केव्हीएआरचा कपॅसिटर लावला की तारेतला करंट कमी होतो आणि शेवटच्या खांबावरच्या शेतकऱ्यालाही बरा व्होल्टेज मिळतो. हे काम काही शे रुपयांत होतं, आणि तरीही निम्म्या स्टार्टरमध्ये कपॅसिटर सुटा करून ठेवलेला दिसतो.

नर्मदेचं पाणी आणि नर्मदेची वीज

इंदूर महापालिकेचा सर्वांत मोठा वीजखर्च नळातून येतो. मंडलेश्वरजवळ जलूदला नर्मदेचं पाणी उचलून सुमारे 70 किलोमीटर दूर आणि विंध्याचा घाट चढवून शहरात आणलं जातं. एक सूत्र लक्षात ठेवा: 1 युनिट वीज आदर्श परिस्थितीत 1000 लिटर पाणी 367 मीटर उंच चढवते. नदीपासून शहरापर्यंतची चढण सुमारे 400 मीटर, म्हणजे हजार लिटरला 1.1 युनिट नुसत्या चढणीचं. त्यात 70 किलोमीटर पाइपातलं घर्षण आणि पंपांची 70-75 टक्के कार्यक्षमता धरली की आकडा दोन युनिटांच्या आसपास पोचतो. रोज 40 कोटी लिटर आणायचं म्हटलं तर साधारण 8 लाख युनिटं, दररोज.

यासाठीच महापालिकेने जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटी रुपयांचे हरित रोखे थेट जनतेला विकले. महापालिकेने असं करण्याची देशातली ही पहिली वेळ. 60 मेगावॉट म्हणजे चांगल्या उन्हात रोज पावणेतीन लाख युनिटांच्या घरात, वरच्या हिशेबाने साधारण एक तृतीयांश.

मग सगळं पाणी दिवसाच का चढवू नये? पाइप अडवतो. घर्षणातला तोटा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चोवीस तासांचं पाणी आठ तासांत रेटायचं तर प्रवाह तिप्पट आणि घर्षण नऊपट, त्याआधीच जोड फुटतील. जमण्यासारखं एवढंच: दुपारी राखीव पंप जोडून थोडं जास्त पाणी चढवायचं, शहरातल्या टाक्या चार वाजेपर्यंत भरायच्या, आणि संध्याकाळी सहा ते दहा, जेव्हा राज्यभर दिवे-टीव्ही-गीझर चालू असतात, तेव्हा उपसा कमी करायचा. यासाठी टाक्यांची साठवण वाढवावी लागते. गळती थांबवणं हाही वीज मिळवण्याचाच मार्ग आहे. गल्लीत फुटलेल्या नळातून हजार लिटर वाहून गेलं, की घाट चढून आलेली दोन युनिटं गटारात गेली.

आता तीच नदी वीज देते तेव्हाचं. इंदिरा सागरला 125 मेगावॉटची आठ यंत्रं, एकूण 1000. ओंकारेश्वरला 65 ची आठ, एकूण 520. सरदार सरोवराच्या 1450 मेगावॉटमधला 57 टक्के वाटा मध्य प्रदेशचा, 27 महाराष्ट्राचा, 16 गुजरातचा. जलविद्युतचं बळ तिच्या चपळाईत आहे. झडप उघडली की काही मिनिटांत यंत्र पूर्ण भाराला येतं, म्हणून सूर्य मावळल्यावरचा खड्डा भरायला हिच्यासारखी दुसरी वीज नाही. पण पावसाने ओढ दिली त्या वर्षी पिण्याचं आणि कालव्याचं पाणी आधी राखावं लागतं. आणि नवीन मोठं धरण हा आता उत्तर म्हणून मांडण्याचा विषय राहिलेला नाही. 2004 मध्ये हरसूद हे आख्खं गाव इंदिरा सागरच्या पाण्यासाठी उठवलं गेलं. ज्यांची घरं, दुकानं, मंदिरं गेली त्यांची किंमत युनिटच्या दरात कधीच धरली जात नाही, आणि ती धरली पाहिजे.

आहे त्याच जलाशयातून जास्त काम करून घेणं हा शहाणपणाचा भाग. ओंकारेश्वरच्या जलाशयावर 600 मेगावॉटचे तरंगते सौर प्रकल्प ठरले, त्यातला पहिला टप्पा 278 मेगावॉटचा. शेतजमीन लागत नाही, पाण्यामुळे पॅनेल थंड राहतं, आणि मोठ्या वीजवाहिन्या धरणापर्यंत आधीच आलेल्या आहेत. दुपारी सूर्याने द्यायचं, धरणाने पाणी राखायचं, आणि संध्याकाळी तेच पाणी सोडायचं. तरंगत्या रांगांना बांधणाऱ्या दोरांना पातळीच्या चढउताराएवढी ढील ठेवावी लागते, नाहीतर पाणी उतरल्यावर एक बाजू ओढली जाऊन जोड तुटतात.

याच्या पुढची पायरी म्हणजे उदंचन: दुपारच्या स्वस्त विजेवर पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज घ्यायची. 100 युनिटं घातली तर 75 ते 80 परत मिळतात. नीमच जिल्ह्यात चंबळवरच्या गांधीसागरला खालचा तलाव धरून असा प्रकल्प आखला गेला, सुरुवातीला 1440 मेगावॉटचा. बॅटरीचे दरही झपाट्याने खाली आले आहेत. रीव्याच्या 750 मेगावॉटच्या प्रकल्पाला 2017 मध्ये पहिल्या वर्षाचा दर 2 रुपये 97 पैसे आला तेव्हा त्याचं कौतुक झालं होतं, आणि ती वीज फक्त उन्हाची होती. 2025 मध्ये मुरैन्याच्या लिलावात साठवणीसकट दर 2 रुपये 70 पैसे निघाला. संध्याकाळची वीज कोळशाशिवाय मिळतच नाही, या म्हणण्याला आता आधार उरलेला नाही.

शेण आणि ओला कचरा

इथे आमचं मत स्पष्ट आहे: गॅस बनवा, वीज बनवू नका. इंदूरच्या देवगुराडियाचा गोबरधन प्रकल्प फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला. रोज 550 टन ओल्या कचऱ्यातून सुमारे 17 हजार किलो बायो-सीएनजी, अशी त्याची आखणी. तोच गॅस इंजिनात जाळून वीज केली तर दिवसाला 80-85 हजार युनिटं मिळतील, म्हणजे चोवीस तास जेमतेम साडेतीन मेगावॉट. उरलेली उष्णता हवेत जाईल. त्यापेक्षा तो बसच्या टाकीत जास्त कामाचा. प्रकल्प चालतो तो घराघरांतून कचरा वेगळा येतो म्हणून. ओल्यात प्लॅस्टिक आलं की पंप तुंबतात आणि टाकीत वर साय धरल्यासारखा थर बसतो.

गावात चार-पाच जनावरं असतील तर 2 घनमीटरचा दीनबंधू, म्हणजे पक्क्या घुमटाचा गोबरगॅस संच पुरतो: रोज 50 किलो शेण, तेवढंच पाणी. मिळणारा गॅस पाऊण ते एक किलो एलपीजीइतका. जानेवारीत गॅस निम्म्यावर येतो, कारण 15 अंशांच्या खाली जिवाणू मंदावतात. शेण कालवायला उन्हात तापलेलं पाणी घ्यावं आणि घुमटावर उसाची पाचट किंवा भुसा पसरावा.

गच्चीवरचे तीन किलोवॉट

इंदूरचं सुदामानगर असो की लोकमान्यनगर, महिन्याला 300 युनिटं जाळणाऱ्या घराला 3 किलोवॉट पुरतात. 540 वॉटची सहा पॅनेल, प्रत्येक साधारण साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद, 28 किलोच्या आसपास वजनाचं. 300 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार, मिळून 78 हजार रुपये मिळतात. पॅनेल देशात बनलेल्या सेलचंच हवं, आणि पैसे नेट मीटर (घेतलेली आणि सोडलेली, दोन्ही वीज मोजणारा) लागल्यावर खात्यात येतात, आधी नाही.

तोंड दक्षिणेला, कल 15 ते 22 अंश. सावली तपासायची ती डिसेंबरच्या सूर्याने. 21 डिसेंबरला सकाळी नऊ पंचवीसच्या सुमारास इंदूरमध्ये सूर्य क्षितिजापासून साडेसव्वीस अंशांवर असतो, आणि दक्षिणेच्या तीन फुटी कठड्याची सावली उत्तरेकडे चार फुटांवर पोचते. पाण्याची टाकी सहा फूट उंच असेल तर आठ फूट जागा सोडा. मे महिन्यात गच्ची बघून जागा ठरवणारे हमखास फसतात. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर टाकीची सावली पडली तरी त्या पॅनेलचं एक तृतीयांश उत्पादन जातं, कारण आतले सेल एका माळेत असतात आणि अडलेला भाग बायपास डायोड गाळून टाकतो.

लोकांची एक तक्रार ठरलेली असते: मे महिन्यात एवढं ऊन, मग युनिटं मार्चपेक्षा कमी का? कारण उष्णता. गच्चीवर पॅनेल 65 अंशांपर्यंत तापतं, आणि 25 च्या वर प्रत्येक अंशाला साधारण 0.35 टक्के वीज घटते. 40 अंशांचे 14 टक्के झाले. पॅनेल आणि गच्ची यांच्यात दोन-तीन फूट हवा खेळती ठेवा. जास्त उंच स्टँड उभारायचा तर माळव्यातल्या जूनच्या वावटळीचा विचार करून पाया भक्कम करा, आणि स्लॅबला भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवा, नाहीतर पहिल्याच पावसात खालच्या खोलीत ओल उतरते.

फेब्रुवारी ते जून दर पंधरा दिवसांनी धुवा, सूर्य वर येण्याआधी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. बोअरचं जड पाणी वाळलं की पांढरे डाग उरतात आणि ते पुन्हा निघत नाहीत. नर्मदेचं नळाचं पाणी आणि मऊ कापड पुरे.

अर्थिंगचे खड्डे तीन: तडितवाहकाचा वेगळा, पॅनेलच्या सांगाड्याचा वेगळा, इन्व्हर्टरच्या एसी बाजूचा वेगळा. रोध 5 ओहमच्या आत हवा, आणि मोजायचा मे महिन्यात. ऑगस्टमध्ये ओल्या काळ्या मातीत मोजलेला आकडा सुंदरच येतो, उन्हाळ्यात माती भेगाळली की तोच दुप्पट-तिप्पट होतो. आग लागण्याच्या अनेक घटना पॅनेलच्या तारा जोडणाऱ्या एमसीफोर जोडांत सुरू होतात. दोन वेगळ्या कंपन्यांचे नर-मादी जोड एकमेकांत बसतात, पण आत संपर्क सैल राहतो, तापतो आणि प्लॅस्टिक वितळतं. जोड एकाच कंपनीचे आणि पक्कड त्याच कामाची, हे बसवणाऱ्याकडून आधी वदवून घ्या.

वीज गेली की हा संचही बंद पडतो, हे आधीच समजून घ्यावं. खांबावर चढलेल्या लाइनमनला उलटा झटका बसू नये म्हणून ते मुद्दाम केलेलं असतं. बॅकअप हवा असेल तर बॅटरीचा हायब्रीड इन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागतो.

शेवटचा दोष सर्वांत छुपा. भर दुपारी, लख्ख ऊन असताना, इन्व्हर्टर दर काही मिनिटांनी बंद-चालू होतो. विक्रेता पॅनेल बदलायला सांगतो, पण दोष तारेत असतो. 3 किलोवॉट म्हणजे 13 अँपिअर. घरापासून खांबापर्यंत 30 मीटर, 4 चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची तार असेल, तर जाऊन-येऊन 60 मीटरचा रोध 0.42 ओहम, आणि त्यावर साडेपाच व्होल्ट चढतात. खांबावर आधीच 248 व्होल्ट असले, गल्लीतली चार घरंही त्याच वेळी वीज सोडत असली, तर इन्व्हर्टरला 253 च्या वर दिसतात आणि तो थांबतो. तारेचा आकार 16 चौरस मिलिमीटर केला की तोच चढ दीड व्होल्टवर येतो. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा व्होल्टेज दर तासाला लिहा, सलग तीन दिवस. तार जाड असूनही आकडा 253 च्या वर जात असेल, तर ती वही घेऊन वितरण केंद्रात जा आणि रोहित्राचा टॅप एक पायरी खाली घेण्याचा लेखी अर्ज द्या.